दादांच्या खिशातली गोळी

"आज तरी लेकराला टोचू नको गं," असं सकाळपासून दारात येईल ती बाई आरतीला सांगत होती.

आरती कुणालाच उत्तर देत नव्हती. समर्थला कडेवर मारून ती मागच्या दाराला, गोठ्याच्या भिंतीच्या आडोशाला जाऊन बसली. पुढच्या अंगणात मांडव घातला होता, चुलाणावर रश्शाला फोडणी बसली होती, आणि समर्थचे खांद्यापर्यंत रुळणारे केस बघून डिंगोरे गावच्या बायका म्हणत होत्या, पोरगी शोभली असती. तिसरं लागलं होतं पोराला. जावळ आणखी लांबवणं तिच्या सासूला, ठमाबाईला पटत नव्हतं.

तिने त्याचं बोट पुसलं, टोचलं, मोहरीएवढा थेंब मशीनच्या पट्टीला लावला. आकडा जरा चढा, पण घाबरण्यासारखा नाही. मग ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यातून इन्सुलिनची बाटली काढली. दिवसातून कितीदा लाइट जायची, त्यामुळे फ्रीजवर तिचा विश्वास नव्हता. विश्वास तसा तिचा बऱ्याच गोष्टींवर उरला नव्हता. गूळ कुठे ठेवलाय, बर्फीचा पुडा कुणी आणलाय, कुणाच्या ओच्यात काय आहे, हे ती डोळ्यांनीच मोजत फिरायची. घरातले तिला मागून 'सीआयडी' म्हणायचे. ते तिला ठाऊक होतं.

इंजेक्शन देऊन ती उठते तोच नणंद समोर उभी. अंजना कालच घोडेगावहून आली होती.

"आरती, एक सांगू का? राग नको मानू."

"सांगा की ताई."

"तो पीयूष डॉक्टर येणारे ना जेवायला? रिपोर्ट आला म्हणत होता. त्याला म्हणावं, माजघरात बस आणि हळू बोल. आमच्या प्राचीला बघून गेलेली माणसं येणारेत जेवायला. मुलीच्या आजोळी रक्तात खोट निघाली असं त्यांच्या कानावर गेलं, तर संपलंच."

"खोट निघाली तर ती माझ्या माहेरची निघेल, असं तुम्हीच म्हणत होता ना? मग तुमच्या प्राचीला कसली भीती?"

"मी कधी म्हटलं?"

"संक्रांतीला म्हटलात. दिवाळीला म्हटलात. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर म्हटलात, तेव्हा मी मागेच होते."

 पदर सावरत अंजना चुलाणाकडे निघून गेली.

*

अंजनाची भीती खरं तर आणेकरांबद्दल नव्हतीच. आरतीचं माहेर आणे गावचं, म्हणून बोलायला ते सोपं होतं, एवढंच. तिची भीती घरातलीच होती. तिची आई ठमाबाई म्हणजे तिच्या वडिलांच्या, सयाजीदादांच्या, सख्ख्या मामाची मुलगी. लहानपणापासून ती ऐकत आली होती की मामाची पोरगी करणं म्हणजे घरचं सोनं घरात. आणि पीयूषने दीड वर्षापूर्वी समर्थचं, आरतीचं आणि तिच्या नवऱ्याचं, सुदामचं, रक्त नेताना नेमकं तेच विचारलं होतं, "घराण्यात नात्यात लग्नं झालीत का?" त्या दिवसापासून आई जेवताना गप्प असायची. हे अंजनाने बघितलं होतं आणि आईला वाचवायला म्हणून ती आणेकरांवर घसरत आली होती.

पीयूष आला तो मोटारसायकलवरून, घामाघूम. जुन्नरच्या मिश्रीलाल शेठचा हा धाकटा. शेठच्या दुकानातून या घराचं किराणा सामान पिढीभर येत होतं, त्यामुळे पोरांचा डॉक्टर झाला तरी ठमाबाई त्याला अरेतुरे करायची.

"ये बाबा. तुझ्यासाठी न्यारी चूल मांडलीय. मटणाचा वास आला तर नाक धर. कांदा न्हाई, लसूण न्हाई, बटाटा न्हाई. कांद्याच्या मुलखात राहून तुमी खाता तरी काय?"

"तुमच्या हातची मुगाची डाळ, मावशी. पण जेवण नंतर. आधी सगळे आत बसू या. आरतीवहिनी, तुम्ही पण."

माजघरात सगळी बसली. दादा भिंतीला टेकून, सुदाम दाराशी, आरतीचा भाऊ कोंडीभाऊ आण्याहून आणलेलं कपड्यांचं गाठोडं मांडीवर तसंच धरून. अंजनाने दार लोटून घेतलं.

"समर्थचा मधुमेह दादांसारखा नाही," पीयूष म्हणाला. "शाळेतल्या पोरांना होतो तसाही नाही. दोन महिन्यांचा असताना झाला, तेव्हाच मला शंका होती. दादा, त्याच्या पोटात इन्सुलिन तयार होतं."

"मंग रोज सुया कशाला?" दादा ताठ बसले.

"तयार होतं, पण बाहेर पडत नाही. जी पेशी ते बनवते ना, तिला एक बारीक दार असतं. आपण जेवलो, साखर आली, की ते दार मिटतं. दार मिटलं की पेशीला कळतं, आता इन्सुलिन सोडायचं. समर्थचं दार मिटतच नाही. कायम उघडं."

दादांनी जरा विचार केला. "म्हंजी हिरीला पानी हाय, मोटार चांगली हाय, पर फूटव्हॉल्व बसंना. पायपातलं पानी खाली उतरतंय आन मोटार नुसती घुमतीय."

"अगदी!"

"आन आमी समजत व्हतो हीरच कोरडी. म्हनून रोज टँकर आनून वततोय."

"दादा, पुण्याच्या मोठ्या डॉक्टर मॅडमना मी हे असंच सांगणार," पीयूष हसला. "इंजेक्शन म्हणजे टँकरच. आता फूटव्हॉल्व बसवायचं औषध आहे."

"हे शोधलं कुणी?" सुदामने विचारलं. तो क्वचितच बोलायचा, आणि बोलला की लोक वळून बघायचे.

पीयूषचा चेहरा एकदम उजळला. दुकानाच्या गल्ल्यावर बसून चांदोबा वाचणारा पोरगा असाच दिसायचा, अंजनाच्या मनात आलं.

"कुणा एकानं नाही, सुदामभाऊ. तेच तर! विलायतेत एका प्रयोगशाळेत काही माणसं वर्षानुवर्षं फक्त त्या दाराचाच अभ्यास करत होती. बेडकाच्या अंड्यात ते दार बसवून."

"बेडकाच्या अंड्यात?" ठमाबाईने तोंडाला पदर लावला.

"हो मावशी. ती चांगली मोठी असतात, त्यांच्यात काम करता येतं. त्या लोकांनी आजारी पोर कधी हातात धरलं नसेल. आणि दुसरीकडे काही डॉक्टर, जन्मल्या जन्मल्या साखर झालेली पोरं शोधत होते. त्यांना त्या दाराचं एवढं ठाऊक नव्हतं. हे लोक एकमेकांना भेटले. मग जगभरच्या डॉक्टरांना सांगितलं, अशी पोरं असतील तर रक्त पाठवा. कुणी कुठून, कुणी कुठून पाठवलं. कितीतरी पोरांच्या दारात बिघाड सापडला. मग तसलं बिघडलेलं दार बेडकाच्या अंड्यात बसवलं, त्यावर औषध टाकलं, आणि दार मिटलं! त्यानंतर मुलांना दिलं, दवाखान्यात ठेवून, हळूहळू. बऱ्याच पोरांची इंजेक्शनं सुटली. मी हे वाचलं तेव्हा रात्री झोपलो नाही. सकाळी पुण्याच्या मॅडमना फोन लावला. त्यांनी रक्त पुढे पाठवलं."

"आपल्या समर्थ्याचं रगात इलायतेला गेलं?" दादांनी विचारलं.

"बिगरपासपोर्टचं," कोंडीभाऊ म्हणाला. सगळी हसली. आरती हसली नाही.

"आणि तिकडून उत्तर आलंय. समर्थच्या दारात तोच बिघाड आहे." पीयूष थांबला, आणि मुद्दाम ठमाबाईकडे बघून पुढचं बोलला. "आरतीवहिनींच्या रक्तात तो नाही. सुदामभाऊंच्या पण नाही. पोर पोटात घडतानाच पहिल्यांदा झालेला. आणेकरांचा नाही, तुमचा नाही, मामाच्या मुलीशी लग्न केलं म्हणून नाही. कुणाचाच नाही."

कोंडीभाऊने अंजनाकडे बघितलं. तोंड उघडलं होतं त्याने, काहीतरी लागट येणार होतं. पण ठमाबाई खाली बसल्या बसल्या अशी काही रडायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत, की तोंड मिटून तो गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागला.

"आई," अंजना तिच्याजवळ सरकली.

"दीड वरीस," ठमाबाई म्हणाली. "दीड वरीस मी देवाला म्हनत व्हते, माझ्या लग्नाचं पाप माझ्या नातवाला का देतो म्हनून."

दादांनी बायकोकडे बघितलं. त्यांना हे नवीन होतं. "आन मला येक सबूद बोलली न्हाईस," एवढंच ते म्हणाले.

अंजनाला आरतीच्या डोळ्याला डोळा देता येईना. म्हणून तिने डॉक्टरलाच विचारलं, "औषध कुठलं? लई भारीतलं असंल ना? तिकडून मागवावं लागंल?"

"हीच तर गंमत आहे, ताई. औषध जुनं आहे. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना सर्रास देतात." त्याने गोळीचं नाव सांगितलं.

दादांनी बंडीच्या खिशात हात घातला. रोज न्याहारीआधी घ्यायची पट्टी बाहेर काढली आणि लांब धरून बघितली. "ही?"

पीयूषने पट्टी हातात घेऊन वाचली. "हीच."

 ज्या घरात पोराच्या जिवासाठी इतकी वणवण झाली, त्या घरात ती गोळी म्हाताऱ्याच्या खिशात, तंबाखूच्या चंचीशेजारी पडलेली होती.

"पुण्याला मॅडमनी खाट राखून ठेवलीय," पीयूष म्हणाला. "आठवडाभर राहायचं. गोळी वाढवत न्यायची, इंजेक्शन कमी करत आणायचं. सोमवारी—"

"नाही," आरती म्हणाली.

"वहिनी?"

"नाही. त्याचं इंजेक्शन बंद करायचं नाही."

"अगं पर डॉक्टर काय म्हनतोय," ठमाबाईने डोळे पुसले. "सुई सुटंल म्हनतोय. येवढुसं लेकरू, दिवसातनं किती येळा..."

"किती वेळा ते मला माहीत आहे, आई. मीच टोचते." तिचा आवाज चढला नव्हता, पण समर्थला तिने जास्त घट्ट धरलं होतं. "त्या झाडपाल्याच्या औषधवाल्यानंही हेच सांगितलं होतं. सुई सुटेल. मी बाळंतपणात राहिलेल्या बी.एस्सी.च्या परीक्षेला गेले होते, आणि माझ्या मागे तुम्ही दोघींनी सुई एक दिवस थांबवून बघितली. संध्याकाळी मी आले तेव्हा हा धापा टाकत होता, डोळे पांढरे. आठ महिन्यांचा होता. तेव्हा पण 'बघू' असंच म्हटलं होतं ना?"

अंजनाने मान खाली घातली. त्या औषधवाल्याकडे समर्थला नेलं होतं तिनेच.

"तेव्हा मी एकटी सुईच्या बाजूनं होते," आरती म्हणाली. "आता पण एकटीच आहे. चालेल मला."

*

सयाजीदादांना सून आवडायची, पण तिचं हे त्यांना कळेना. परमेश्वराने पाणी दाखवलं, आणि ही म्हणते टँकरच बरा.

बाहेर धर्माजी न्हावी येऊन बसला होता, पण अंजनाच्या पाहुण्यांचा पत्ता नव्हता. ते आल्याशिवाय जावळ सुरू करायचं नाही, असं ठरलं. आरती मांडवात कुणीतरी लाडू वाटतंय ऐकून तिकडे धावली. समर्थला तिने दादांकडे दिलं. दादांकडे ती निर्धास्त द्यायची. त्या औषधवाल्याच्या वेळी ते परगावी होते, आणि आल्यावर त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

दादा नातवाला घेऊन गोठ्यात गेले. वासराने समर्थचा हात चाटला. तो खदखदून हसला. दादांना त्याच्या बोटांच्या टोकांवरचे काळे ठिपके दिसले. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बोटावर असतात तसे.

या घरात औषध म्हणजे मीठ-मिरचीसारखं, उसनं देण्याघेण्याचं. ठमाबाईची रक्तदाबाची गोळी शेजारची सरूबाई चक्कर आली की मागून न्यायची. दादांनी स्वतः कोंडीभाऊच्या गुडघ्याची गोळी खाल्ली होती आणि बरं वाटलं होतं. एकाला मानवली ती दुसऱ्याला मानवते, यात त्यांना कधी वावगं दिसलं नव्हतं. शिवाय ही तर डॉक्टरने हातात घेऊन सांगितलेली. सुनेला भीती होती ना? मग पोराला काही झालं नाही, हे तिला दिसलं की झालं. आपण रोज अख्खी घेतो. पोराला अर्धी.

त्यांनी गोळी दाताने तोडली, केळ्याच्या फोडीत दाबली. समर्थने ती गिळली आणि आणखी केळं मागितलं. पण आईने आखून दिल्याशिवाय काही द्यायचं नाही, हा नियम दादा पाळायचे. म्हणून त्यांनी दिलं नाही.

*

पाहुणे आले तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. समर्थच्या दुपारच्या जेवणाची वेळ टळत आली होती. आरतीने कोंडीभाऊला दोनदा खुणावलं, लवकर उरका. पाटावर मामा बसला, मामाच्या मांडीवर भाचा. ठमाबाईने ओवाळलं. धर्माजीने केस भिजवले आणि वस्तरा चालवला.

सगळ्यांनी कान झाकायची तयारी ठेवली होती. जावळाला पोर रडतंच. पण समर्थ रडला नाही. मामाच्या छातीला डोकं टेकून नुसता बघत राहिला.

"किती शहाणं लेकरू!" पाहुण्यांतली बाई म्हणाली.

"आमच्याकडं असंच हाय," ठमाबाई फुलली. "सोशिक."

धर्माजी म्हणाला, "असं गिऱ्हाईक रोज मिळावं राव."

आरती हातात परात घेऊन उभी होती. समर्थ सोशिक नव्हता. नखं काढायला दोघं लागायचे. तिने त्याच्या वरच्या ओठाकडे बघितलं. तिथे घाम होता, आणि तो उन्हाचा नव्हता. हात मामाच्या गुडघ्यावरून लोंबत होता.

परात खाली पडली त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ती पाटापर्यंत पोचली तेव्हा धर्माजीने वस्तरा वर धरला होता आणि ठमाबाई ओरडत होती, "अगं अर्धवट नको उठवू, अशुभ..." आरतीने अर्धं डोकं भादरलेलं पोर उचललं. "मशीन!" सुदाम धावला. थेंब, पट्टी. आकडा. ज्याची साखर कायम वर असायची, त्याची चाळिशीत आली होती.

साखर. जिच्यावर ती अडीच वर्षं पहारा देत आली होती, तीच तिने लाडवांसाठी काढून ठेवलेल्या ताटातून मुठीने उचलली, पाण्यात कालवली, बोटाने त्याच्या गालात, हिरड्यांवर चोळली. "गिळ राजा. गिळ."

पीयूष वेगळ्या चुलीपाशी जेवत होता. तो उष्ट्या हाताने आला. "सकाळी इंजेक्शन किती दिलं?"

"रोजचंच. एवढ्यानं असं होत नाही. कधीच होत नाही." तिने वळून सगळ्यांकडे बघितलं. "कुणी काय दिलंय त्याला?"

तिची नजर अंजनावर थांबली. अंजनाच्या पाहुण्यांनी ते बघितलं.

"म्या," दादा मागून म्हणाले. "माझी गोळी. अर्धी." खांबाला धरून ते उभे होते. "तिला काही बोलू नका. म्या दिली."

*

जुन्नरला पीयूषच्या दवाखान्यात पोचेपर्यंत समर्थने डोळे उघडले होते. तरी सलाइन लावलं. गोळीचा असर लवकर उतरत नाही, पीयूष म्हणाला, संध्याकाळपर्यंत हलायचं नाही. पुन्हा पुन्हा बोट टोचायचं. दर वेळी आरतीनेच टोचलं.

दादा बाहेरच्या बाकावर बसले होते. कुणी पाणी दिलं तरी घेईनात. त्यांच्या शेजारी अंजना येऊन बसली. ती जीपमधून आली हे आरतीला इथे आल्यावर कळलं.

"ताई, तुमचे पाहुणे?" आरतीने दारातून विचारलं.

"जेवत असतील. नाहीतर गेले असतील." अंजनाने खांदे उडवले. "निघताना त्या बाईनं विचारलं, पोराला काय झालं. मी म्हटलं, आमच्या भाच्याला जन्मापासून साखर आहे, अजून काय विचारायचं ते विचारून घ्या. लपवायचं तरी कुठवर?" मग हळूच, "मघाशी तुला वाटलं, मीच दिलं."

"हो. वाटलं."

"वाटणारच. माझी कमाईच तशी." तिने नाक पुसलं. "जा, आत जा. पोराला बघ."

आत सुदाम पलंगाच्या पायाशी उभा होता. त्याने पीयूषला दबक्या आवाजात विचारलं, "म्हणजे गोळी लागू पडली म्हणायची का?"

आरतीला वाटलं, आता डॉक्टर हो म्हणेल. त्याला किती सोपं होतं! त्याच्या बाजूचा पुरावाच त्या पलंगावर निजला होता.

"नाही," पीयूष म्हणाला. "असं म्हणता येणार नाही. इंजेक्शन अंगात होतं, जेवण लांबलं होतं. साखर कशानं उतरली, कोण सांगणार? गोळीनं उतरली असेल, तर चांगलं आहे. पण आज जे झालं त्यावरून मी काही सांगितलं, तर त्या औषधवाल्यात आणि माझ्यात फरक काय?"

आरतीने वर बघितलं.

"वहिनी, दादांनी दिली तीच गोळी. पुण्यालाही साधारण तेवढ्यापासूनच सुरुवात करतील. फरक इतकाच, की तिथे आधी इंजेक्शन कमी करतील, गोळी दिली की तासातासाला बघत राहतील, साखर खाली गेली तर काय आणि वर गेली तर काय, हे आधी ठरलेलं असेल. आणि मॅडम रोज तिकडच्या लोकांशी बोलतील, कारण त्यांनी आणखी पोरं बघितलीत. बेडकाच्या अंड्यापासून इथपर्यंत या लोकांनी दुसरं काय केलं? नुसतं बघितलं. घाई न करता, एकमेकांना विचारत. नाही जमलं, तर इंजेक्शन आहेच. ते कुणी फेकून देणार नाही."

आरतीने समर्थकडे बघितलं. समर्थच्या डोक्याच्या एका बाजूला केस होते आणि दुसऱ्या बाजूला पांढरी, कोवळी कातडी. कधी न बघितलेली. तिच्या मनात त्या दूरच्या माणसांचा विचार आला. काचेखाली डोळा लावून बसलेली, एका दारासाठी आयुष्य घालवणारी. त्यांना डिंगोरे ठाऊक नसेल. पण पहारा म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असणार. आपल्यासारखीच माणसं ती. त्यांनाही कुणीतरी मागून काहीतरी म्हणत असेल.

"तिथे बोट कोण टोचणार?" तिने विचारलं.

"नर्स असतात."

"मी टोचणार."

"मी सांगतो मॅडमना."

"आणि प्रत्येक आकडा मला कळला पाहिजे. मला समजणार नाही असं कुणी म्हणायचं नाही. मी बी.एस्सी. आहे."

"वहिनी," पीयूष म्हणाला, "हे मी त्यांना आधीच सांगितलंय. त्यांना तुमची जरा भीतीच वाटते."

ती हसली, आणि हसता हसता दाराकडे गेली. दादा अजून तसेच बसले होते. तिने पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. "प्या. सोमवारी आम्ही पुण्याला जातोय. गाडी तुम्ही बघा."

*

पुण्याच्या दवाखान्यात ठमाबाईला काही सुचायचं नाही. लिफ्टची भीती, संडासाची पंचाईत. पण सुनेबरोबर कुणीतरी राहायला हवं होतं. अंजना म्हणाली मी राहते, ठमाबाई म्हणाली मीच. शेवटी दोघी आलटून पालटून राहायला लागल्या. अंजना डबा घेऊन यायची, तेव्हा आरतीला अर्धा तास झोपवायची आणि स्वतः मशीनचे आकडे बघत बसायची. आरती तिला बघू द्यायची.

मॅडम म्हणजे ठेंगणी, चष्म्याची बाई. पीयूष शनिवारी येऊन त्यांच्या मागे विद्यार्थ्यासारखा उभा राहिला. गोळी पाण्यात विरघळवून पाजली जायची. ती वाढत गेली, सुई कमी होत गेली. एकदा साखर अशी चढली की आरतीचा चेहरा दगडासारखा झाला. ठमाबाईने देव पाण्यात ठेवायचं बोलून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, थांबू या, उद्या बघू. ठमाबाईला वाटलं, आता सून भांडणार. पण आरतीने मान हलवली आणि म्हणाली, "हो. बघू."

आणि मग ती दुपार. मॅडमनी आकडा बघितला, आरतीला दाखवला. आरतीने पुन्हा टोचून स्वतः बघितला. "आता जेवू दे त्याला," मॅडम म्हणाल्या. "नुसतं जेवू दे." आणि त्या घाईने दुसऱ्या खाटेकडे गेल्या, पण ठमाबाईने बघितलं, पाठ फिरवून त्यांनी चष्मा काढला होता.

आरतीने ताटलीत भाकरी दुधात कुसकरली. घास केला. समर्थने तोंड घट्ट मिटलं.

"खा की राजा."

त्याने मान हलवली. पालथा झाला, चड्डी जरा खाली ओढली आणि वाट बघत पडून राहिला. आधी सुई, मग घास. त्याच्या अख्ख्या आयुष्यात याशिवाय कधी जेवण झालंच नव्हतं. कुणी येईना म्हणून त्याने मान वळवून आईकडे बघितलं.

"नाही रे. आज नाही," आरती म्हणाली. तिचा आवाज फुटला. "आता नाही. नुसतं जेवायचं."

हे काही त्याला पटलं नाही. त्याने ताटली ढकलली. "आधी टोच!" आणि भोकाड पसरलं. जावळाला रडला नव्हता ते सगळं रडू आता काढलं. अर्ध्या डोक्याचे केस घामाने चिकटले, तोंड लाल झालं. आरती ताटली हातात धरून तशीच बसली होती. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. ठमाबाईने सुनेला रडताना कधी बघितलं नव्हतं. धापा टाकणारं पोर घेऊन जीपमधून गेली त्या संध्याकाळीही नाही.

तेवढ्यात आवाज ऐकून नर्स पळत आली. "अहो, काय झालं? कुणी टोचलं का याला?"

"न्हाई टोचलं, बाई," ठमाबाई म्हणाली, "म्हनून तर रडतोय."